घरात शीख आणि पंजाबी पुस्तकं वाचायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नांदेडला राहते. सचखंड श्री हजूर साहिब आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो: दर्शन, लंगर, आणि परतताना गुरुद्वाऱ्याबाहेरची दुकानं. तिथे कडं आणि रुमाल घेऊन झाले की पुस्तकांपाशी सगळे अडखळतात. "यातलं कोणतं घेऊ गं?" हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करायची?

नामदेवांपासून. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात त्यांना 'भगत नामदेव जी' म्हणतात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. त्या संमेलनाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. ती पदं मात्र फार थोड्या मराठी घरांत वाचली जातात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राग आसामधलं एक पद असं आहे: "ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही". इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, विठ्ठलाविना जगच नाही. माझ्या सासूबाई आषाढीची वारी केलेल्या. हे पद मी त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी पुस्तक मागून घेतलं, चष्मा पुसला, 'बीठलु' या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा तर आपलाच की गं." पुढचे पंधरा दिवस संध्याकाळी दिवा लावला की आमच्याकडे नामदेवांचा एक अभंग आणि एक पद असा क्रम चालला.

तुम्हीही तसंच करून बघा. नामदेव गाथेच्या बऱ्याच आवृत्त्यांत त्यांची हिंदी पदंही छापलेली असतात, तेव्हा कदाचित पुस्तक घरात आधीच असेल. नामदेवांनंतर कबीर, रविदास, शेख फरीद हे त्याच ग्रंथातले इतर भगत घ्या, आणि मग गुरू नानकांच्या जपुजी साहिबकडे या. तोवर भाषा कानात बसलेली असते.

शीख पुस्तकं आणि पंजाबी पुस्तकं म्हणजे एकच ना?

नाही, आणि दुकानात जायच्या आधी हा फरक ध्यानात घ्या. एक आहे गुरबाणी किंवा नुसती बाणी, म्हणजे गुरूंची आणि भगतांची वचनं. ती शिखांसाठी साक्षात गुरू आहे, त्यामुळे तिला 'धार्मिक पुस्तक' म्हणणंही अपुरं पडतं. दुसरं म्हणजे शीख धर्म, गुरूंची चरित्रं आणि इतिहास यांवरची पुस्तकं. ती पंजाबीत, हिंदीत, इंग्रजीत, कुठल्याही भाषेत असू शकतात. तिसरं पंजाबी साहित्य. त्यात बुल्ले शाह आणि वारिस शाह हे मुसलमान कवी येतात, हिंदू लेखक येतात, दलित लेखक येतात, आणि सीमेपलीकडे शाहमुखी, म्हणजे फारसी वळणाच्या लिपीत लिहिणारे पाकिस्तानी पंजाबी लेखकही येतात. "मला काहीतरी पंजाबी द्या" असं म्हटलं तर दुकानदार हातात पाठाची पोथी ठेवेल, आणि तुम्हाला हवी असेल कादंबरी.

संपूर्ण गुरू ग्रंथ साहिब विकत घेऊन घरी ठेवता येईल का?

ही पाहुण्यांची सगळ्यात पहिली इच्छा असते, आणि माझं उत्तर "आत्ता नको" असंच असतं. गुरू ग्रंथ साहिब १४३० पृष्ठांचा आहे. पृष्ठाला तिथे 'अंग' म्हणतात. ग्रंथ घरी आणायचा म्हणजे त्याच्यासाठी स्वतंत्र स्वच्छ खोली, वर चांदणी (छत), रोज सकाळी प्रकाश (ग्रंथ विधिपूर्वक उघडणं), रात्री सुखासन (मिटून ठेवणं), चवरी ढाळणं, असं सगळं निष्ठेने करावं लागतं. कित्येक शीख घरांतही जागेअभावी हे जमत नाही, म्हणून ते ग्रंथ आणत नाहीत. शिवाय ग्रंथाचं हे स्वरूप (छापील प्रतीला असंच म्हणतात) पुस्तकांच्या दुकानात ठेवलेलं नसतं. पंजाबात २००८ च्या कायद्याने त्याच्या छपाईचा अधिकार फक्त शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीला आहे, आणि तिथून ते धार्मिक रीतीनुसार, सन्मानाने नेलं जातं.

वाचायचंच असेल तर मार्ग मोकळे आहेत. निवडक बाणीच्या छोट्या पोथ्या घ्या, अर्थासह आलेले खंड घ्या, किंवा सरळ गुरुद्वाऱ्यात जाऊन बसा आणि ऐका. ऐकणं हेसुद्धा वाचनच आहे. ग्रंथाची मुख्य बाणी ३१ रागांत बांधलेली आहे ती त्यासाठीच.

गुटका म्हणजे काय? कोणता घ्यावा?

नित्यपाठाची छोटी पोथी म्हणजे गुटका. आपल्याकडे या शब्दाने भलतीच वस्तू डोळ्यांसमोर येते, आणि तंबाखू तर शीख मर्यादेत पूर्ण वर्ज्य. म्हणून दुकानात 'गुटका साहिब' असंच म्हणा. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

माझा पहिला गुटका चुकीचा निघाला. हातात मावणारा, सोनेरी काठाचा, इतका सुंदर होता की आत काय आहे हे न बघताच घेतला. घरी येऊन उघडला तर गुरुमुखी, म्हणजे पंजाबीची लिपी, आणि शब्द सगळे एकमेकांना जोडलेले. एका ओळीत कुठे थांबायचं तेच कळेना. त्या छपाईला 'लड़ीवार' म्हणतात, जुन्या हस्तलिखितांची ती रीत. आपल्यासारख्या नवख्या वाचकाला 'पदछेद' हवा, म्हणजे शब्द सुटे केलेला. तेव्हा गुटका हातात घेतलात की एक पान उघडून बघा: लिपी देवनागरी आहे का, शब्द सुटे आहेत का, अक्षर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल एवढं मोठं आहे का. देवनागरीत, हिंदी अर्थासह गुटके सहज मिळतात.

त्यात नितनेमच्या, म्हणजे रोजच्या पाठाच्या बाण्या असतात: सकाळी जपुजी, जाप आणि सवैये, संध्याकाळी रहरास, झोपताना सोहिला. काहींमध्ये सुखमनी साहिबही असतो. तो २४ अष्टपदींचा, गुरू अर्जनदेवांचा. पण मला विचाराल तर नुसता जपुजी पुरे. मूलमंत्र, ३८ पौड्या (कडवी) आणि शेवटचा श्लोक, एवढ्यावर एक वर्ष काढता येतं.

तो घरात ठेवायचा कसा?

डोकं झाकून, हात धुऊन, पादत्राणं काढून वाचायचा. वाचून झाला की स्वच्छ रुमालात गुंडाळून उंच जागी ठेवायचा. मी आमचा गुटका सुरुवातीला पलंगाच्या उशाशी, मासिकांच्या गठ्ठ्यावर ठेवत असे. शेजारच्या बीजी एकदा दुपारच्या आल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी येताना निळ्या रेशमी कापडाचा एक चौकोन शिवून घेऊन आल्या आणि माझ्यासमोर गुटका त्यात कसा बांधायचा ते दाखवलं: आधी खालचं टोक, मग दोन बाजूंची, शेवटी वरचं. तेव्हापासून तो देवघराशेजारच्या फळीवर असतो. ज्ञानेश्वरी आपण जिथे ठेवतो तिथे ठेवा, म्हणजे वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

हे सगळं बाणीच्या पोथीपुरतं. इतिहासाचं पुस्तक किंवा कादंबरी खुशाल पलंगावर लोळून वाचा.

देवनागरीतली बाणी वाचताना 'नामु', 'गुरि', 'मनि' असे शेवट दिसतात. ते तसेच उच्चारायचे का?

शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व उकार आणि इकार बहुतेक ठिकाणी उच्चारत नाहीत. ते व्याकरणाची खूण आहेत: 'नामु' एकवचन दाखवतो, 'मनि' म्हणजे मनात. म्हणायचं 'नाम' आणि 'मन'. एकदा एखाद्या रागीचं (बाणी गाणाऱ्याचं) कीर्तन पोथी समोर ठेवून ऐका, दहा मिनिटांत सवय होते.

गुरुमुखी शिकावीच का?

बाणी देवनागरीत वाचता येते, पण कथा-कादंबऱ्या मूळ पंजाबीत वाचायच्या तर शिकावीच लागेल. आणि शिका, कारण मराठी माणसाला ती लवकर येते. मूळ अक्षरं ३५, म्हणूनच वर्णमालेला 'पैंती' म्हणतात. गुरू अंगददेवांनी ही लिपी प्रमाण केली. सुरुवातीला दोन अक्षरं फसवतात: गुरुमुखीतला स आपल्या म सारखा दिसतो आणि गुरुमुखीतला म आपल्या भ सारखा. माझ्या मुलीने पहिला आठवडाभर 'सेब' 'मेब' असा वाचला. दुकानात मुलांचा 'कायदा' मागा. कायदा म्हणजे अंकलिपी. चित्रांचा असतो आणि मोठ्यांनाही तोच सगळ्यात सोयीचा.

एक गोष्ट मला फार आवडते. आपला ळ पंजाबीतही आहे. लिहिताना बहुतेकदा नुसता ल लिहितात, नेमकेपणा हवा असेल तर खाली टिंब देतात, पण बोलताना 'नाळ', 'काळा' असा स्वच्छ ळ ऐकू येतो. हिंदीवाल्यांची जीभ जिथे अडते तिथे आपली अडत नाही. उलट घ, झ, ढ, ध, भ यांचे उच्चार पंजाबीत सुराने बदलतात. 'घोड़ा' ऐकताना 'कोड़ा' असं काहीसं वाटतं. ते पुस्तकातून येणार नाही, माणसाकडूनच ऐकावं लागेल.

अर्थ नीट समजून घ्यायचा आहे. कोणती टीका घ्यावी?

सार्थ पोथीला पंजाबीत 'सटीक' म्हणतात. पंजाबी वाचता येत असेल तर प्रोफेसर साहिबसिंघ यांचं 'श्री गुरू ग्रंथ साहिब दर्पण', दहा खंडांचं. त्यांनी बाणीचं व्याकरण बारकाईने उलगडलं आणि त्यावरून अर्थ लावला. इंटरनेटवर ते मोफत वाचायला मिळतं, तेव्हा दहाच्या दहा खंड एकदम घेण्याची घाई करू नका. इंग्रजी चालत असेल तर मनमोहनसिंघ यांचा आठ खंडांचा अनुवाद आहे, शिरोमणी समितीनेच काढलेला (हे माजी पंतप्रधान नव्हेत). त्यात मूळ, इंग्रजी आणि पंजाबी अर्थ शेजारी शेजारी आहेत. अडलेल्या शब्दासाठी भाई काह्नसिंघ नाभा यांचा १९३० चा 'महान कोश'. एका माणसाने केलेलं इतकं मोठं काम बघायला म्हणून तरी तो एकदा उघडा.

इतिहासाचं एकच पुस्तक घ्यायचं तर?

खुशवंतसिंग यांचा दोन खंडांचा शिखांचा इतिहास, १९६३ आणि १९६६ चा. ते स्वतः अज्ञेयवादी होते, त्यामुळे भाविक सूर नाही, पण माया आहे, आणि इंग्रजी साधं आहे. त्याच्या जोडीला मॅक्स ऑर्थर मॅकॉलिफ यांचे १९०९ चे सहा खंड. ते शीख परंपरेत सांगितली जाते तशी गुरूंची चरित्रं सांगतात. एक बाहेरून बघणारं, एक आतून. घरात दोन्ही असली की मुलं आपोआप विचारतात, "मग खरं काय?" आणि तिथून खरं वाचन सुरू होतं. जुन्यांपैकी कनिंगहॅम यांचं १८४९ चं पुस्तकही मोलाचं आहे. इंग्रज अधिकारी असून त्यांनी शीख युद्धांतल्या आतल्या गोष्टी लिहिल्या आणि त्यापायी त्यांना आपलं पद गमवावं लागलं.

जनमसाखी म्हणजे इतिहासच ना?

गुरू नानकांच्या आयुष्यातल्या कथा म्हणजे जनमसाख्या. पुरातन, मेहरबान, बाला, मनी सिंघ अशा त्यांच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत आणि त्या एकमेकींशी सगळीकडे जुळत नाहीत. महिपतींचा 'भक्तविजय' आपण ज्या मनाने वाचतो त्या मनाने वाचा: प्रेमाने, मोठ्याने, चारचौघांत. सनावळी तपासायला मात्र इतिहासाचं पुस्तक उघडा.

दसम ग्रंथ घ्यावा का?

सुरुवातीला नको. गुरू गोविंदसिंघांच्या नावाने असलेला हा मोठा संग्रह आहे, आणि त्यातल्या सगळ्या रचना त्यांच्याच का, यावर शीख विद्वानांत जुना वाद आहे. आमच्या हजूर साहिबला त्याचाही प्रकाश होतो, इतर अनेक गुरुद्वाऱ्यांत होत नाही. त्यातला जाप साहिब तुमच्या गुटक्यात आहेच. औरंगजेबाला लिहिलेलं फारसी पत्र 'जफरनामा' स्वतंत्र पुस्तिकेत अर्थासह मिळतं, ते जरूर वाचा. महाराष्ट्रात राहून औरंगजेबाबद्दल आपण इतकं वाचतो, ही बाजूही वाचायला हवी.

कादंबऱ्या कोणत्या?

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण लोक अमृता प्रीतम यांच्यापाशी येतात आणि तिथूनच परत फिरतात.

अमृताजी वाचाच. 'पिंजर' छोटी आहे, दोन दुपारींत संपते. पूरोला रशीद पळवून नेतो, ती आई-वडिलांच्या दारात परत येते आणि ते तिला घरात घेत नाहीत. फाळणीच्या कितीतरी आधीचा हा प्रसंग आहे, आणि फाळणीत जे हजारो बायकांचं झालं ते तिच्या एकटीच्या आयुष्यात आधीच घडून गेलेलं असतं. कॉलेजातल्या मुलीबरोबर वाचण्यासारखी ही कादंबरी आहे. आत्मचरित्र 'रसीदी टिकट' त्यानंतर.

मग गुरदियालसिंघ. १९९९ चं ज्ञानपीठ त्यांना निर्मल वर्मांबरोबर विभागून मिळालं, तरी आपल्याकडे नाव फारसं कोणी घेत नाही. १९६४ ची 'मढ़ी दा दीवा' ही माझी सगळ्यात आवडती पंजाबी कादंबरी. जगसीर हा दलित शेतमजूर. त्याच्या बापाने ज्या जमिनीत हाडं झिजवली ती आपलीच, असं त्याला वाटत आलेलं असतं. जुना मालक धर्मसिंघ ती माया जपतो, त्याच्या मुलाला ती कळत नाही. मोठे प्रसंग फार नाहीत. माणूस आतून कसा विझत जातो ते पंजाबातल्या मालवा भागाच्या बोलीत, संथपणे येतं. मराठवाड्यातल्या सालगड्यांची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही.

'बलुतं' ज्या घरात वाचलं गेलं आहे तिथे बलबीर माधोपुरी यांचं 'छांग्या रुख' यायलाच हवं. २००२ चं आत्मकथन आहे. छांग्या रुख म्हणजे वरून छाटलेलं झाड. शीख धर्माने जात नाकारली, तरी पंजाबातल्या गावात जात कशी राहिली, हे त्यात उघडपणे येतं. पंजाब म्हणजे फक्त सरसोंचं शेत आणि भांगडा अशी समजूत असेल तर ती राहत नाही.

सोपं आणि गोष्टीत गुंतवणारं हवं असेल तर नानकसिंघ यांची 'पवित्र पापी'. स्त्रीच्या नजरेतून पंजाबचं खेडं बघायचं तर दलीपकौर टिवाणा यांची 'एहो हमारा जीवणा'. भाई वीरसिंघ यांची १८९८ ची 'सुंदरी' ही पहिली पंजाबी कादंबरी मानली जाते. ती उपदेशपर आहे, आजच्या वाचकाला संथ वाटेल, म्हणून ती पहिल्यांदा हातात घेऊ नका.

मराठीत मिळाली नाहीत तर हिंदी घ्यावं की इंग्रजी?

हिंदी. मागे मी एकच कादंबरी दोन्हींत वाचली. इंग्रजीत 'ताई' (थोरली काकू), 'चाची', 'भरजाई' (वहिनी) सगळ्यांच्या एकसारख्या 'आंटी' झाल्या होत्या, हिंदीत नाती जागच्या जागी होती. शिव्या आणि म्हणीसुद्धा हिंदीत टिकतात. साहित्य अकादमीची भाषांतरं आणि नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' माला आधी बघा, कारण भारतीय भाषांतल्या पुस्तकांची देवघेव हाच तिचा हेतू आहे, आणि किमतीही परवडतात.

कविता समजेल का?

आधी कानाने घ्या. वारिस शाहची 'हीर' १७६६ ची, ती गायलेलीच ऐकावी. शिवकुमार बटालवींचं तसंच. त्यांना 'लूणा'साठी १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. पाश मात्र छापील पानावर, शांतपणे वाचायचा कवी. २३ मार्च १९८८ ला, भगतसिंगांच्या हौतात्म्याच्या दिवशीच, त्यांची हत्या झाली. त्यांच्या कविता हिंदीत उत्तम उपलब्ध आहेत. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर असाव्यात अशा त्या कविता आहेत.

लहान मुलांना काय द्यावं?

भाई लालोची भाकरी, नानकांचा सच्चा सौदा, रणांगणात शत्रूच्याही जखमींना पाणी पाजणारे भाई कन्हैया. या गोष्टी पाच-सहा वर्षांच्या मुलाला लगेच कळतात. कन्हैयांची गोष्ट सांगितली की आमचा नातू पाण्याची बाटली घेऊन घरभर फिरतो.

धाकट्या साहिबजाद्यांची, म्हणजे गुरू गोविंदसिंघांच्या दोन धाकट्या मुलांची कथा, सरहिंदला भिंतीत चिणल्याची, फार लवकर देऊ नका. दुकानांत तिची चित्रमय पुस्तकं असतात आणि आजी-आजोबा ती कौतुकाने घेतात. पण ती दोन मुलं आपल्या नातवंडांच्याच वयाची होती. मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की जवळ बसवून, स्वतः वाचून दाखवा आणि नंतर त्याच्या प्रश्नांना वेळ द्या.

ही पुस्तकं मिळतात कुठे?

नांदेडला हजूर साहिबच्या आसपास गुटके, सटीक पोथ्या, कायदे आणि चरित्रं मिळतात, कथा-कादंबऱ्या क्वचित. अमृतसरला गेलात तर दरबार साहिबजवळच्या (सुवर्णमंदिराजवळच्या) माई सेवां बाजारात अर्धा दिवस राखून ठेवा. मुंबईकरांनी दादरच्या साहित्य अकादमीत चौकशी करावी. शिरोमणी समितीची 'सिख रहित मर्यादा' (शीख आचारसंहिता) ही छोटी पुस्तिका कुठे दिसली तर घ्याच. शीख घरातला रोजचा आचार, नामकरण, लग्न, सगळं थोड्या पानांत समजतं.

गुटका जीर्ण झाला, पानं सुटली. काय करू?

रद्दीत देऊ नका आणि नदीतही सोडू नका. स्वच्छ कापडात बांधून जवळच्या गुरुद्वाऱ्यात नेऊन द्या. जीर्ण स्वरूपांना आणि पोथ्यांना विधिपूर्वक अग्नी देण्याची रीत आहे, तिला 'अगन भेट' म्हणतात. पंजाबात गोइंदवाल साहिबला त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. तो सोनेरी काठाचा, मला वाचता न आलेला गुटका मी मागच्या वर्षी असाच द्यायला गेले होते. सेवादारांनी उघडून बघितला, म्हणाले, "ताई, हा तर कोरा करकरीत आहे. गुरुमुखी शिकलात ना आता? घेऊन जा, वाचा." तो परत आणला आहे. सध्या तिसऱ्या पौडीपर्यंत आले आहे.